तिसरा रकाना वाचा

शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला, मार्कशीट रोखली गेली, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. खिडकीवर उत्तर एकच मिळते : निधी आला नाही. तो कुठे अडला, हे विचारायला मात्र आपल्याला कुणी शिकवले नाही.

निधी अडतो त्याच्या जागा ठरलेल्या असतात. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले नाही की पुढचा हप्ता थांबतो. खर्च न झालेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते. आणि कधी पैसा सरळ दुसरीकडे वळवला जातो. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा राखण्याची विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. याच पैशातले शेकडो कोटी रुपये दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या कामांकडे वळवले गेले. हे माहिती अधिकारातून उघड झाले, तेव्हा कुठे संसदेत त्यावर उत्तर द्यावे लागले.

राज्यांच्या हिशेबात या पैशासाठी ७८९ हे वेगळे गौण शीर्ष आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात तो विवरणपत्र १०-अ मध्ये दिसतो. तिथे अर्थसंकल्पीय अंदाज असतो, सुधारित अंदाज असतो आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही असतो. वर्तमानपत्रात मथळा होतो तो पहिल्या आकड्याचा. आपल्या वस्तीत काय पोचले, याचा माग काढायचा तर सुरुवात शेवटच्या आकड्यापासून करावी लागते. त्यातही खरोखर आपल्यासाठीच्या योजना किती आणि सर्वसाधारण खर्चाचा आपल्या नावे दाखवलेला वाटा किती, हे ओळीओळीने तपासावे लागते.

बाबासाहेबांनी हे काम हलके मानले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले.

आपल्या घरात पहिली पदवी आपण आणली. स्पर्धा परीक्षा देताना कलेक्टरच्या खुर्चीचे स्वप्न जरूर बघा. पण लेखा आणि कोषागार सेवा, लेखापरीक्षण विभाग यांना दुय्यम समजू नका. नोकरीत नसाल, तर आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे माहिती अधिकारात तीनच आकडे मागा : मंजूर किती, मिळाले किती, खर्च किती. तरतूद कागदावर राहिली की एखाद्या मुलीचे वर्ष वाया जाते. ते वाचवायचे असेल, तर हिशेब आपणच मागायला हवा.