डायनो बसवण्यापूर्वी थोडे थांबा

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागातील गाळ्यांत आपले कितीतरी कारागीर बंधू गाड्यांच्या दुरुस्तीवर रोजी कमावतात. पूर्वी त्यांच्याकडे मारुती ८०० यायची, तिची ताकद चाळीस हॉर्सपॉवरसुद्धा नव्हती. आता दोनशेच्या वरच्या गाड्या येतात आणि गिऱ्हाईक म्हणते, ताकद मोजून दाखवा. त्यासाठी चॅसिस डायनो लागतो. गाडीची चाके जड रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. पुण्याच्या एआरएआय संस्थेत असे यंत्र प्रयोगशाळेत चालते. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकला ते गाळ्यात बसवायचे आहे, आणि त्याने आमच्याकडे भांडवल मागितले.

आम्ही कापडवाले. इंजिनातले आम्हाला कळत नाही, पण फिरणारे यंत्र कळते. भिवंडीच्या मागांवर शाफ्टच्या पट्ट्यात बाही अडकली की काय होते, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. माग निदान खडखडतो, माणूस आपोआप दूर राहतो. डायनोवरची गाडी मात्र उभी दिसते. चाके ताशी दोनशे किलोमीटरने फिरत असतात आणि पोऱ्या बॉनेटजवळ निवांत उभा असतो! पट्टा तुटला किंवा त्याचा हूक निसटला, तर ती गाडी समोरच्या भिंतीपर्यंत जाणार. मध्ये कोण असेल? मालक तर बहुधा कॉम्प्युटरपाशी असतो.

टायरकडेही कोणी पाहत नाही. गोल रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि तापतो. त्याच्या कडेला वेगाचे अक्षर असते, ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१०. चार आकडी तारीखही असते. २३१६ असेल तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे म्हातारा टायर. असा टायर फुटला तर त्याचे तुकडे, आणि न फुटताही खाचेतला खडा, गोळीसारखा सुटतो. शिवाय इंजिन बंद केले तरी जड रोलर लगेच थांबत नाही. शटर ओढून चाचणी घेतली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. त्याला वास नसतो. डोके दुखते, पोऱ्या म्हणतो, उन्हामुळे असेल.

मेकॅनिक भावाचे म्हणणे, एवढे सगळे केले तर खर्च दीडपट होईल. होऊ द्या. मोठा पंखा, धूर बाहेर नेणारा पाइप, जमिनीत पक्के गाडलेले हूक, चांगले पट्टे, आगीचा सिलिंडर, हे सारे यंत्राच्याच किमतीत धरायचे. पट्ट्यावर चीर दिसली की तो कापून टाकायचा, गाठ मारून वापरायचा नाही. चाचणी चालू असताना गाडीच्या पुढे, मागे आणि चाकांच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. गिऱ्हाइकानेही नाही, त्याला व्हिडिओ काढायचा असला तरी.

त्याच्या गाळ्यात गाडीच्या नाकापासून भिंत हातभर अंतरावर येते. तो पुन्हा माप घेतो म्हणाला आहे. पैसे अजून आमच्याकडेच आहेत.