ऐकणारा कोणी हवा

देवाला व्यक्ती मानणे हा भाबडेपणा, सुशिक्षिताने फार तर एखादे निराकार तत्त्व मानावे, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा नाकारली, पण न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांनी ईश्वराला नुसते तत्त्व करून टाकले नाही. कारण संस्थेच्या नावातच आहे. प्रार्थना करायची तर ऐकणारा हवा. गुरुत्वाकर्षणाकडे कोणी क्षमा मागत नाही. प्रार्थना समाजाच्या कितीतरी आधी, अद्वैत मांडणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या विरहिणीही विठ्ठलालाच आळवतात, आणि जनाबाईंच्या अभंगांत तो दळू-कांडू लागतो. व्यक्तित्व देहात नसते. जाणण्यात, प्रतिसाद देण्यात, प्रेम करण्यात असते.

यावरचा आक्षेप जुना आहे. बैलांना हात असते तर त्यांनी देव बैलांसारखेच रंगवले असते, असे ग्रीक विचारवंत झेनोफनीस सांगून गेला. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. नवसाची वसुली करणारा, रुसणारा, जात पाहणारा देव ही आपलीच प्रतिमा आहे, आणि ती टाकायलाच हवी. पण तेवढ्यासाठी त्याची जाणीवच काढून घेतली, तर उरते ते माणसाहून मोठे नव्हे, उणे. लेकराचे दुःख ज्याला कळतच नाही, त्याला आईहून श्रेष्ठ कसे म्हणावे? ‘व्यक्ती’ हा शब्द अपुरा आहे, हे मान्य. ‘तत्त्व’ त्याहून अपुरा आहे. देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबांनी गाऱ्हाणे घातले ते विठ्ठलालाच, न्याय कळणारा कोणी समोर आहे हे धरून.