हसऱ्या घराचा कैवार

धर्मग्राम परिषदेच्या गेल्या बैठकीत माझ्यासमोर एक निवेदन ठेवण्यात आले. 'शिन-चॅन' या जपानी कार्टून मालिकेमुळे आमची मुले बिघडत आहेत, उलट उत्तरे देत आहेत, आईबापांच्या नकला करीत आहेत; सबब तिचे प्रक्षेपण बंद व्हावे आणि फादरांनीही येत्या रविवारी प्रवचनातून तिचा निषेध करावा, असा त्याचा आशय होता. खाली चाळीसेक सह्या होत्या. पहिल्या सहीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी निवेदन दोनदा वाचले, पेनाला टोपण लावले आणि सही करणार नाही असे सांगितले. क्षणभर सारे गप्प झाले. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "फादर, तुम्हाला मुलेबाळे नाहीत, म्हणून तुम्हाला हे सुचते."

टोला वर्मी बसला, हे कबूल करतो. मात्र ज्याला स्वतःचे घर नसते, त्याला पुष्कळ घरांचे उंबरे ओलांडावे लागतात आणि त्या घरांतले हसणे-रडणे जरा अलिप्तपणे ऐकता येते. त्या भरवशावर हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. शिन-चॅन हा पाच वर्षांचा मुलगा. योशितो उसुई या चित्रकाराने १९९० साली त्याला एका जपानी साप्ताहिकात जन्म दिला आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये तो दूरदर्शन संचावर अवतरला. बाप कचेरीत नोकरी करतो, आगगाडीच्या गर्दीतून घामेजून घरी येतो. त्याच्या पायमोज्यांची दुर्गंधी हा घरातला कायमचा विनोद. आई सकाळी वेळेवर उठत नाही, मुलाची शाळेची बस चुकते, मग ती त्याला सायकलवर बसवून शाळेकडे पिटाळते. स्वस्ताईचा सेल दिसला की तिचा पाय निघत नाही. घराच्या कर्जाचे हप्ते फिटता फिटत नाहीत. एक तान्ही बहीण आहे, एक पांढरा कुत्रा आहे. आपल्याकडे ही मालिका २००६ साली हिंदीतून आली. २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून तिच्यावर बंदी घालण्यात आली आणि २००९ मध्ये बरीच काटछाट होऊन ती परतली. म्हणजे आमच्या परिषदेचे निवेदन पहिले नव्हे.

तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परस्त्रीकडे पाहून चेकाळणारा पाच वर्षांचा मुलगा हा बालकांच्या मनोरंजनाचा विषय होऊ शकत नाही. ते प्रसंग कापले गेले, हे योग्यच झाले. आईच्या देहावर आणि वयावर सतत केलेल्या कोट्याही मला रुचत नाहीत. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या साप्ताहिकात शिन-चॅन जन्मला, ते प्रौढांसाठीचे होते. संसाराच्या रहाटगाडग्याला जुंपलेल्या आईबापांनी स्वतःकडे पाहून हसावे, म्हणून हा विनोद रचला गेला. आपण काय केले? चित्रे हलताना दिसली, तेव्हा ती पोरांचीच असे गृहीत धरले, पोराच्या हाती रिमोट दिला आणि आपण स्वयंपाकघरात किंवा मोबाईलवर निघून गेलो. आईबापांसाठी केलेला विनोद मूल एकटे बसून पाहते, आणि त्याने तो चुकीचा समजून घेतला म्हणून आपण दूरच्या जपानी माणसाला दोष देतो.

याहून कठीण प्रश्न मला विचारायचा आहे. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी मी घरे आशीर्वादित करायला जातो, तेव्हा बहुतेक घरांत कोणती मालिका चालू असते? एक सून दुसऱ्या सुनेच्या दुधात काहीतरी कालवीत असते. एक सासू दाराआड उभी राहून कान लावीत असते. इस्टेटीच्या कागदांसाठी भाऊ भावाचा काटा काढीत असतो. हे सारे भरजरी साड्यांत, प्रशस्त दिवाणखान्यात, गंभीर पार्श्वसंगीताच्या साथीने चालते. तिथे बँकेचा हप्ता कुणाला भरावा लागत नाही, बस कुणाची चुकत नाही आणि हसत तर कुणीच नाही. इतक्या वर्षांत या मालिकांविरुद्ध एकही निवेदन माझ्याकडे आलेले नाही. का? कारण तिथे कुटुंबाचे विष प्रतिष्ठित पोशाखात वावरते. शिन-चॅनच्या घरी विष नाही, आहे तो केवळ पसारा. आणि पसारा दिसला की आपल्याला लाज वाटते. आपला राग पुष्कळ अंशी त्या लाजेतून येतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याइतके सोवळे नाही. आपल्या श्रद्धेचे पहिले कुटुंब अब्राहाम आणि सारा यांचे. शंभरीच्या बापाला आणि नव्वदीच्या आईला मूल होणार हे ऐकून म्हातारी तंबूच्या दाराआड हसली. परमेश्वराने तिला हसण्याचा जाब विचारला खरा, पण वचन मागे घेतले नाही. आणि मूल झाले तेव्हा त्याचे नाव इसहाक ठेवण्यात आले. त्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. आपल्या श्रद्धेच्या वंशावळीत पहिल्याच पुत्राचे नाव हसू आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना किती वेळा सांगतो?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी विनोदबुद्धीची गणना सद्गुणांत केली आणि जो स्वतः हसत नाही व दुसऱ्याच्या हसण्यातही मोडता घालतो, त्याला दोषी ठरवले. त्यांनी एक जुनी कथा सांगितली आहे. संत योहान शिष्यांसोबत खेळत असताना पाहून काहींना धक्का बसला. योहानांनी त्यांच्यातल्या धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. एकामागून एक त्याने पुष्कळ सोडले. "असे अखंड करशील का?" या प्रश्नावर तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, हे योहानांचे उत्तर. आपली घरे आज ताणलेली धनुष्ये आहेत. कारखान्याची पाळी, शाळेची फी, शिकवणी, कर्ज. त्यात अर्धा तास दोरी सैल झाली, तर आपण तिच्याविरुद्ध सह्या गोळा करणार?

आपल्या मातीनेही हेच शिकवले आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात एक भारूड रचले. त्यात एक सून भवानीला नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, शेवटी दादला अशा एकेकाची वाट लावायला सांगते. ऐकणारा आधी पोट धरून हसतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की हा मनातल्या विकारांचा झाडा चालला आहे. संताने कुटुंबावर विनोद केला म्हणून महाराष्ट्रातले कुटुंब मोडले नाही.

आणि रोमचे म्हणाल, तर व्हॅटिकनच्या 'लोसेर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने अमेरिकेतील 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेविषयी २००९ आणि २०१० मध्ये कौतुकाने लिहिले. तिथला बाप आळशी, खादाड, मुलगा वाह्यात. तरीही ते कुटुंब जेवणाआधी प्रार्थना करते आणि आपल्या वेड्यावाकड्या रीतीने परलोकावर विश्वास ठेवते, याकडे त्या पत्राने लक्ष वेधले. हे कुटुंब कॅथलिक नाही, असा खुलासा निर्मात्यांकडून आला, ही गोष्ट वेगळी. २०१८ च्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी विनोदबुद्धी हे पवित्र जीवनाचे एक लक्षण मानले. आणि जून २०२४ मध्ये तर त्यांनी जगभरच्या शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलावले. ज्यांच्यावर प्रेम असते त्यांची आपण थट्टा करतो, तशी देवाशीही करता येते, असे त्यांनी त्यांना सांगितले.

यावर कुणी म्हणेल, मग चौथ्या आज्ञेचे काय? आईबापांचा मान कुठे राहिला? प्रश्न रास्त आहे. सगळेच हसू निर्मळ नसते. थट्टा आणि टवाळी यांत अंतर आहे, आणि ते मोजण्याचे एक साधे माप माझ्यापाशी आहे: हसून झाल्यावर ज्याच्यावर हसलो, तो घरातच राहिला की घराबाहेर पडला? टवाळी माणसाला बाहेर काढते. थट्टा त्याला आत घेते. शिन-चॅनचा बाप मोजे काढतो, सगळे नाक धरतात, आणि मग सगळे त्याच मेजाभोवती जेवायला बसतात. मान म्हणजे भीती नव्हे. मुलांना चिडवून त्यांचे मन खचवू नका, असे संत पौलाने बापांनाही बजावले आहे. ते वचन आपण चौथ्या आज्ञेइतक्या मोठ्याने वाचत नाही.

हे माप मला फार उशिरा सापडले, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले, नाझरेथच्या घरी संध्याकाळी काय होत असेल? मुलांनी पुस्तकातली उत्तरे दिली: प्रार्थना, आज्ञापालन, शांती. मागच्या बाकावरचा सात-आठ वर्षांचा मुलगा शिन-चॅनचा घोगरा आवाज काढून म्हणाला, "योसेफबाबा कामावरून आले असतील, आणि मरियाआई म्हणाली असेल, आधी पाय धुऊन या!" वर्ग खदखदून हसला. मी त्याला बाहेर उभे केले आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांना सांगितले. घरी काय झाले, ते मी विचारले नाही. पुढच्या रविवारी तो आला, आणि नंतरही येत राहिला. परंतु जे विचारावे त्याचे पुस्तकातले उत्तर देऊन खाली मान घालून बसू लागला. कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आले की त्या तासाला नाझरेथच्या घरात खरोखर पाऊल टाकणारा तो एकटाच होता, आणि मी त्यालाच दाराबाहेर काढले होते. माझा नकार त्या मुलाचा ऋणी आहे.

आपण नाशिककर आहोत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना उमलली. आणि पुढे, १९१५ च्या सुमारास, याच गृहस्थाने 'आगकाड्यांची मौज' करून निर्जीव काड्यांना पडद्यावर नाचवले. हलत्या चित्राने माणसाला देवाकडेही नेता येते आणि हसवताही येते, हे आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राने शतकापूर्वी जाणले होते. दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला हजारो भाविक लोटतात. तो बाळ बारा वर्षांचा असताना न सांगता मंदिरात मागे राहिला, आईने त्याला जाब विचारला, आणि त्याने जे उत्तर दिले ते आज आपल्या घरात एखाद्या मुलाने दिले असते, तर आपण त्याला उद्धट म्हटले असते. मरियेने मात्र ते अंतःकरणात जपून ठेवले.

ते निवेदन माझ्या मेजाच्या खणात आहे; पहिली जागा अजून मोकळी आहे. सही करणाऱ्यांपैकी ज्या आईने किंवा बापाने आपल्या मुलाशेजारी बसून तीन भाग अथपासून इतिपर्यंत पाहिले असतील, त्यांत निदान एकदा मुलाबरोबर हसले असेल आणि निदान एकदा "बाळा, हे मात्र बरे नाही," असे त्याला समजावले असेल, त्याने माझ्याकडे यावे. तरीही त्याला ती मालिका बंद व्हावीशी वाटत असेल, तर मी मुकाट्याने सही करीन.