फिरऔनच्या घरात वाढलेला

रमजानमध्ये तरावीहला कुरआन ऐकताना हजरत मूसांचे नाव वारंवार येते. इतर कोणत्याही पैगंबराचे इतक्या वेळा येत नाही. परवा इफ्तारनंतर एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, ‘सर, एकच ईश्वर ही कल्पना ज्यूंनी इजिप्तच्या अखेनातेन राजाकडून उचलली, हे खरे का?’

प्रश्न जुना आहे. फ्रॉइडने १९३९ च्या पुस्तकात तसेच मांडले होते. मला ते पटत नाही. अखेनातेनचा देव म्हणजे आकाशातले सूर्यबिंब, आणि त्याच्यापर्यंत पोचायचे ते राजामार्फत. राजा गेल्यावर ती उपासनाही फार टिकली नाही.

दुसरा धागा मात्र पक्का वाटतो. आमेनेमोपे या इजिप्शियन लेखकाचा उपदेश आणि ज्यूंच्या ‘नीतिसूत्रे’ ग्रंथाचे बावीस-तेविसावे अध्याय शेजारी ठेवून वाचा. गरिबाला लुबाडू नको, शेताच्या हद्दीचा दगड सरकवू नको, हे दोन्हीकडे आहे. (धुऱ्याचे भांडण विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको!)

यात घाबरण्यासारखे काय आहे? हजरत मूसा फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्याच घरात वाढले, हे तर कुरआनच सांगतो. त्या घरची बोली, तिथले शहाणपण त्यांच्या कानावर पडले नसेल? कोकणातले बेने इस्राएल ज्यू वल्हांडण सणाला इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कहाणी वाचतात. तिचे हिब्रू-मराठी पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात छापले गेले. मराठीत आली म्हणून ती कहाणी ज्यूंची राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही.

विद्यार्थ्याला आमेनेमोपे वाचायला सांगितला आहे. ईदनंतर पुन्हा बसू.