आधी आहे ते मोजा

ग्रामसभेची नोटीस लागली की आपल्याकडे मागण्यांचा कागद तयार होतो. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, वेशीवर कमान, हायमास्ट. सह्यांचं रजिस्टर फिरतं, कागद त्याला टाचला जातो आणि तासाभरात सभा उरकते. यंदा असं करू नका, हेच कळकळीनं सांगायचं आहे. सभेआधीच्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा आणि गावात काय नाही ते नंतर, आधी काय आहे ते लिहून काढा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिथं जंगलाशिवाय काही दिसलं नसतं. गावानं तेच धरून ठेवलं. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची रीत रुजवली. जंगल कुणाचं, कायदा काय म्हणतो, बांबू कसा तोडला तर पुन्हा फुटतो, यावर आधी बसून बोलायचं. अभ्यासगटानं निर्णय घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वांच्या संमतीनं. एकाचं जरी मन मानत नसेल तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. यात वेळ जातो. पण ठरलेलं मग कुणी मोडत नाही.

वनहक्क कायदा २००६ साली आला, तेव्हा या गावाची तयारी झालेली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. म्हणजे मेंढ्यानं सरकारकडे मागितलं नाही असं मुळीच नाही. ठासून मागितलं. फक्त काय मागायचं हे त्यांना ठाऊक होतं, कारण आपल्याजवळ काय आहे ते त्यांनी आधी जाणून घेतलं होतं. सरकारची जबाबदारी गावानं आपल्या डोक्यावर घ्यावी, असा कुणी याचा अर्थ काढला तर मला ते मान्य नाही.

‘आमच्याकडे कुठं जंगल आहे?’ असं म्हणाल. पण ठेवा जंगलाचाच असावा लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात गावठी बियाणं जपलं, वाढवलं, शेजारणींना दिलं. वालाचं, भाताचं, भाज्यांचं. त्यांच्या बियाणं बँकेमुळे आज त्यांना देश ओळखतो. असं राखलेलं बी तुमच्याही गावात एखाद्या म्हातारीच्या उतरंडीत असेल.

आहे ते असं शोधताना काय हाती लागतं, हे एका गावात मी जवळून पाहिलं. देवळासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता. पोरं शाळा, टाकी, रस्ते भराभर मांडत होती. कडेला बसलेली एक आजी उठली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथं काहीच काढलेलं नव्हतं, तिथं तिनं खडा ठेवला. ‘इथं बारव हाय. घाणेरीत बुजलीया,’ म्हणाली. सरपंचांनाही ते माहीत नव्हतं. त्या वर्षी गावाच्या यादीत पहिलं काम बारवेचा गाळ काढायचं आलं.

म्हणून नकाशा चार शिकलेल्यांनी घरात बसून काढू नका, उघड्यावर काढा. पाण्याच्या जुन्या जागा लिहा, पडीक गायरान लिहा. माणसंही लिहा: कलम कोण बांधतं, मोटार कोण दुरुस्त करतं, बाळंतिणीची काळजी कुणाला कळते, कोणत्या बचत गटाचा हिशेब चोख आहे. दुसऱ्या वस्तीवरच्या लोकांना बोलावणं धाडून मोकळं होऊ नका, त्यांच्या वस्तीत जाऊन बसा; तिथलं त्यांनाच माहीत असतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरातच होते. ती खरी भरवा, आणि बायकांना जमेल त्या वेळेला भरवा. मग यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे आपण करू, याला ग्रामपंचायतीचा निधी, यासाठी तालुक्याला जायचं. असा कागद हातात असला की साहेबांसमोर बोलताना आवाज आपोआप चढतो.

पहिल्या संध्याकाळी रांगोळी कोण आणणार आणि दुसऱ्या वस्तीत जाऊन कोण बसणार, तेवढं आजच ठरवा.