डोळा लाल होण्याची वाट पाहू नका

वयाच्या सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि निदान सहा आठवडे टिकलेली, दुसरे कारण न सापडणारी सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात. मूल सकाळी लंगडत उठू लागले की घरचे गुडघ्यामागे धावतात. डोळ्यांकडे पाहायचे कुणाला सुचत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज, म्हणजे युव्हिआयटिस, बहुतेक वेळा दुखत नाही आणि डोळा लालही करत नाही. तीन-चार वर्षांचे मूल एका डोळ्याने अंधूक दिसते हे आपणहून सांगत नाही. तक्रार येईपर्यंत बाहुलीची कड भिंगाला चिकटलेली असते, कधी मोतीबिंदू किंवा काचबिंदू सुरू झालेला असतो. म्हणून बालसंधिवाताचे निदान ज्या कागदावर लिहिले जाते, त्याच कागदावर स्लिट लॅम्प तपासणीची तारीख पडायला हवी. ‘त्रास झाला तर डोळे दाखवा’ हा सल्ला इथे घातक ठरतो.

भारतीय मुलांत युव्हिआयटिसचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते, मग सगळ्यांना हेलपाटे कशाला, असा आक्षेप येईल. पण धोका सर्वांना सारखा नाही. मोजकेच सांधे सुजलेले, आजार सातव्या वर्षाआधी सुरू झालेला आणि रक्तातली एएनए चाचणी पॉझिटिव्ह, अशा मुलांची सुरुवातीची काही वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, बाकीच्यांना सहा ते बारा महिन्यांचे अंतर चालेल, अशी विभागणी अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या 2019च्या मार्गदर्शिकेत आहे. साधनांची सबबही टिकत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जिथे होते तिथे स्लिट लॅम्प असतोच. शाळेतल्या तपासणीवर मात्र विसंबू नये. तक्ता वाचून नजर कळते, आतली सूज नाही.

खरी घासाघीस उपचारांवर आहे. स्टेरॉइडचे थेंब सूज उतरवतात, पण दीर्घकाळ घातले तर स्वतःच मोतीबिंदू आणि काचबिंदू आणतात. म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि तेवढ्याने न भागल्यास अडालिम्युमॅबचे इंजेक्शन. ब्रिटनमधल्या सायकामोर चाचणीत (2017) मेथोट्रेक्सेट घेऊनही सूज न आटोपलेली 90 मुले होती. अडालिम्युमॅब जोडलेल्यांपैकी 27 टक्क्यांत उपचार फसले, नुसते मेथोट्रेक्सेट चालू ठेवलेल्यांपैकी 60 टक्क्यांत. फरक इतका स्पष्ट, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. एटानरसेप्ट हे त्याच धर्तीचे औषध सांध्यांना आराम देते, डोळ्यांना मात्र त्याचा भरवसा नाही. म्हणजे सांध्यांचे औषध निवडतानाही डोळ्यांचा अहवाल हाताशी हवा. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. 2014च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने अडालिम्युमॅबची जगातली पहिली प्रतिकृती बाजारात आणली आणि किंमत उतरली, तरी शेतमजुराच्या घराला ती पेलत नाही. तिथे सरकारी योजनेनेच हात द्यायला हवा. राहिली क्षयाची भीती. हे इंजेक्शन शरीरात दबून असलेला क्षय जागा करू शकते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी आधी करतात. क्षय निघाला तर त्याचे औषध आधी सुरू होते; भीतीपोटी नुसते थेंब चालू ठेवण्याचे ते कारण होत नाही.