घरची शुश्रूषा : रुग्णालयातून परतलेला मुलगा

बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा मित्राच्या स्कूटरवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. बारा दिवस बेशुद्धीत गेले आणि पुढे दोन महिने रुग्णालयात. आता तो घरी आला आहे. जखम भरली, केस उगवले, चालणे-बोलणेही जवळजवळ पूर्ववत झाले. “पण हा माझा मुलगा वाटत नाही,” असे त्या लिहितात. ताट ढकलून देतो, धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून जातो, दुपारभर झोपून राहतो, सकाळी सांगितलेले संध्याकाळी त्याच्या ध्यानात नसते. वडिलांचे म्हणणे, आजारपणात फार लाड झाले. आजींना दृष्टीची शंका आहे. “माझे कोठे चुकते आहे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

या भगिनींचे कोठेही चुकलेले नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. आणि मुलाचेही नाही. डोके जोराने आपटते तेव्हा मेंदू कवटीच्या आतील खडबडीत हाडावर घासला जातो. त्यात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग विशेषेकरून दुखावतो. रागाला लगाम घालणे, कामांचा क्रम लावणे, दुसऱ्याला काय वाटेल याचा अंदाज घेणे, ही कामे मुख्यतः कपाळामागच्या भागाची. हा भाग पंचविशीच्या आसपास कोठे पूर्णपणे परिपक्व होतो. म्हणजे पंधराव्या वर्षी घर अर्धे बांधून झालेले असतानाच भिंतीला धक्का बसतो. म्हणून काही उणिवा आज दिसत नाहीत. वरच्या वर्गात गेल्यावर, स्वतंत्रपणे वागण्याची वेळ आली म्हणजे दिसतात. आपण बदललो आहोत याची जाणीवही पुष्कळदा रुग्णाला नसते. तेव्हा “असे का केलेस?” या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते, आणि तो विचारून घरात फक्त आवाज वाढतो.

ज्यांचा रुग्ण अजून रुग्णालयात आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. डॉक्टर “आज नऊ, आज अकरा” असे म्हणतात तो ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेल्या मोजपट्टीचा आकडा. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून तो होतो. सर्वांत कमी तीन, सर्वांत जास्त पंधरा. शुद्धीवर येताना मुलगा शिव्या देतो, नळ्या उपटतो; तो त्या अवस्थेचा भाग आहे, संस्कारांचा दोष नव्हे. आपल्यासारख्या परमुलखात स्थिरावलेल्या कुटुंबांनी आणखी एक करावे. कोणती भाषा आधी परत येईल याचा नेम नसतो. शाळेत गुजराती बोलणारा मुलगा “दुखतंय”, “शू” एवढेच मराठीत पुटपुटेल आणि परिचारिकेला ते कळणार नाही. असे दहा-बारा शब्द अर्थासह कागदावर लिहून तिच्या हाती द्यावेत. गिळणे सुधारलेले नसेल तर साधे पाणी सर्वांत धोक्याचे; पातळ म्हणून ते चटकन श्वासनलिकेत उतरते. किती दाट पदार्थ चालेल हे तज्ज्ञांनी पाहून सांगेपर्यंत प्रेमापोटी चमचाभर तीर्थही घालू नये.

आता घराकडे वळू. दुपारची झोप हा आळस नव्हे. पूर्वी सहज होणाऱ्या कामाला आता दुखावलेल्या मेंदूला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून थकल्यावर नव्हे, थकण्याआधी विश्रांती द्यावी. समाचाराला येणाऱ्यांचे आपल्याकडे फार प्रस्थ. एका वेळी दोघे, पाव तास, आणि टीव्ही बंद, असा नियम आजोबांच्या तोंडून सांगवावा, म्हणजे कोणी रागावत नाही. “आंघोळ करून ये” हे आपल्याला एक वाक्य वाटते. त्यात टॉवेल घेणे, बादली भरणे, कपडे काढून ठेवणे अशी सहा कामे दडलेली असतात. एक सांगावे, ते झाले की दुसरे. दिवसाचा क्रम ठळक अक्षरांत भिंतीवर लावावा, आणि एक वही त्याच्या खिशातच असावी. रागाचा झटका आला तर वाद घालू नये. इतरांना बाहेर पाठवून आपला आवाज खाली आणावा. राग ओसरल्यावर खटला भरू नये.

अशा मारानंतर काही महिन्यांनीही फीट येऊ शकते. तसे झाल्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, वाढती गुंगी, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांनाही थांबू नये. सुरू असलेल्या गोळ्या बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

मार्चमध्ये दहावीला बसवावे का, असेही या भगिनींनी विचारले आहे. माझे मत, बसवू नये. एक वर्ष मागे पडणे ही आपल्या समाजात उगीचच बेअब्रू मानली जाते. पहिले काही महिने सुधारणेला सर्वांत मोलाचे असतात. ते परीक्षेच्या धास्तीत घालवू नयेत. शाळा सुरू करताना दिवसाचे दोन तास पुरेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलावे.

राहिली धाकटी बहीण. पत्रात तिचा उल्लेख एका ओळीचा आहे, पण तीन महिने तिच्याकडे कोणी पाहिलेले नसणार. दादाचे डोके आतून अजून दुखावलेले आहे, तो तुझ्यावर रागावलेला नाही, हे तिला तिच्या शब्दांत सांगावे. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ वडिलांनी बसावे, तेवढा वेळ आईने तिला घेऊन फिरायला जावे.